खेळणाऱ्या पिल्लांचे फोटो हललेलेच येतात, काय करू?

रानजाई

नमस्कार मंडळी,

घरात मांजराची दोन पिल्लं आहेत, दोन महिन्यांची. एक काळंकुळकुळीत, दुसरं पांढरं, पाठीवर शेंदरी ठिपके. जागी असली की एकमेकांच्या मानगुटीवर, नाहीतर पडद्यावर. झोपलेल्या पिल्लांचे फोटो भरपूर झाले, मला ही मस्ती फोटोत हवी आहे. ताईचा जुना डीएसएलआर माझ्याकडे आलाय, सोबत १८-५५ मिमीची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी झूम लेन्स). ऑटोवर टाकून काढते. ठिपकेवाल्याच्या जागी नुसता पट्टा उमटतो. काळ्याचं तर तोंडच दिसत नाही, फ्लॅशमध्ये चकाकणारे दोन हिरवे डोळे तेवढे दिसतात. नवीन लेन्स सध्या घ्यायची नाहीये. आहे त्यात काय करता येईल? दोघं भराभर मोठी होताहेत, म्हणून घाई.

तिसरा_डोळा

घरातल्या उजेडात ऑटो मोड शटर १/६० सेकंदाच्या आसपास उघडं ठेवतो. बसलेल्या माणसाला ते पुरतं, झेपावणाऱ्या पिल्लाला नाही. शटर प्रायॉरिटीवर जा (डायलवर 'एस' किंवा 'टीव्ही'), १/५०० लावा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ऑटो ठेवून कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करा. फोकस सतत मागोवा घेणारा हवा: कॅननवर 'एआय सर्व्हो', निकॉनवर 'एएफ-सी'. जुन्या कॅमेऱ्यात मधला फोकस पॉइंट सगळ्यात भरवशाचा असतो, तोच वापरा. बर्स्ट (बटण दाबून ठेवलं की सलग फोटो) चालू, फ्लॅश बंद. काळ्या पिल्लासाठी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ किंवा गडद करायची सेटिंग) उणे १, म्हणजे गडद.

माऊची_मावशी

रानजाई, वरच्या सेटिंग्ज आधी लावून टाक, त्या बरोबर आहेत. फक्त उणे १ बद्दल माझं मत वेगळं आहे, ते शेवटी सांगते.

दत्तक द्यायच्या पिल्लांचे फोटो काढण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्या एका फोटोवरून कुणीतरी पिल्लाला घरी न्यायचं ठरवतं, त्यामुळे ते खेळकर आहे, धीट आहे हे फोटोत दिसावंच लागतं. माझं सांगणं एकच: पिल्लांच्या मागे कॅमेरा घेऊन धावू नकोस. जागा तू ठरव आणि खेळ तिथे आण.

जागा म्हणजे घरातली सगळ्यात मोठी खिडकी आणि तिच्यालगतची जमीन. खिडकीपासून दोन हात आत सरकलं की उजेड झपाट्याने पडतो. आपल्या डोळ्यांना ते जाणवत नाही, पण कॅमेरा आयएसओ लगेच चढवतो. थेट ऊन येत असेल तर पातळ पडदा ओढ. तू खिडकीला पाठ करून बसू नकोस, तुझीच सावली पिल्लांवर पडेल. खिडकी बाजूला येईल अशी बस. बसण्यापेक्षा पालथी पडलीस तर उत्तम. उभ्याने काढलेल्या फोटोत पिल्लाचं टाळकं आणि फरशी येते. हनुवटी जमिनीला टेकवली की ते त्याच्या जगात जेवढं मोठं आणि शूर असतं तेवढं दिसतं.

आता खेळ. काठीला दोरी, दोरीला पीस, आणि काठी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी हातात. एका हाताने खेळवायचं आणि दुसऱ्याने फोटो काढायचे, हे जमत नाही. खेळवणाऱ्याला सांग, पीस तुझ्यासमोरून आडवं ओढायचं, डावीकडून उजवीकडे. पिल्लू आडवं पळतं तेव्हा त्याचं तुझ्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही आणि फोकस टिकतो. सरळ लेन्सकडे धावत आलं तर जुन्या कॅमेऱ्याची दमछाक होते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून काढणं) नको, त्याचा फोकस अशा कॅमेऱ्यांत मंद असतो.

आणि पिल्लाकडे बघ, नीट बघ. झेप घ्यायच्या आधी ते दबा धरतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, ढुंगण डावी-उजवीकडे हलायला लागतं. ते हललं की बटण दाब. झेप दिसल्यावर दाबलंस तर पिल्लू पुढे गेलेलं असतं. उडीच्या अगदी वरच्या टोकाला त्याची वर जाण्याची गती संपलेली असते, म्हणून तिथला फोटो १/५०० पेक्षा कमी शटरलाही स्पष्ट येऊ शकतो. दबा धरलेला क्षणही सोडू नकोस. मला तर प्रत्यक्ष उडीपेक्षा तोच जास्त आवडतो, सगळं पिल्लू ताणलेल्या धनुष्यासारखं असतं.

लेझरचा ठिपका खेळवायला अजिबात वापरू नकोस, डोळ्यात गेला तर इजा होऊ शकते. फोटो झाले की दोरी कपाटात ठेव. पिल्लं दोरी गिळतात आणि ती आतड्यात अडकली तर जिवावर बेततं. कान मागे गेले, पिल्लू कोपऱ्यात जायला लागलं की त्या वेळेपुरतं थांबायचं.

काळ्याचं असं आहे. कॅमेरा समोरचं दृश्य मध्यम करड्या पातळीवर आणायला बघतो. काळ्या पिल्लाने अख्खी चौकट भरली तर तो उजेड वाढवतो आणि पिल्लू राखाडी दिसतं, तिथे उणे हवं. पण तेच पिल्लू पांढऱ्या चादरीवर ठेवलंस तर कॅमेरा चादर बघून सगळं अंधारं करतो आणि पिल्लाचा पुन्हा डाग होतो. तिथे अधिक १ लागेल. चौकटीत जास्त काय आहे ते बघून ठरव.

भटक्या

मोबाइलही बाजूला टाकू नका. नाइट मोड मात्र बंद करा, तो जास्त वेळ उजेड गोळा करून प्रतिमा जोडतो, त्यात पिल्लू पसरतं. झूम न करता जवळ जा आणि बर्स्ट वापरा. कोवळ्या पिल्लाला मोबाइल डीएसएलआरच्या शटरइतका दचकवत नाही.

रानजाई

मावशी, आज खिडकीजवळ बसले, काठी भावाकडे दिली. ठिपकेवाल्याचे चारही पाय हवेत असलेला फोटो मिळाला, मिशासुद्धा मोजता येतील! पण आयएसओ ६४०० दाखवतोय आणि दाणे फार दिसतात. आणि काळ्याचे डोळे अजून अंगात मिसळतात.

माऊची_मावशी

अगं, चारही पाय हवेत, तेही इतक्या लवकर! फार छान. दाण्यांनी बिचकू नकोस, ते नंतर सॉफ्टवेअरने बरेच कमी होतात. हललेला फोटो सहसा सावरता येत नाही. तरी लेन्स ५५ वर असेल तर मागे आण. तिथे तिचं छिद्र एफ/५.६ पर्यंतच उघडतं आणि ती १८च्या निम्म्याहून कमी उजेड घेते. अगदी १८ वर जवळ गेलीस तर नाक मोठं दिसेल, म्हणून ३०च्या आसपास थांब. नुसती कुस्ती चालू असेल तर १/२५० पुरतं, तेवढ्याने आयएसओ ३२०० वर येईल.

काळ्यासाठी खेळवणाऱ्याला खिडकीच्या बाजूला बसव. पीस तिकडे असलं की पिल्लाचं तोंड उजेडाकडे वळतं, डोळ्यांत खिडकीची चमक येते आणि अंगावरचे केस सुटे दिसतात. फोकस जवळच्या डोळ्यावर. आणि फोटो रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढ, त्याच्या अंगातला अंधार नंतर थोडा वर उचलता येईल.