नायसिनामाइडने गाल लाल होत आहेत: प्रमाण कमी करावे की वापरच थांबवावा?

मुरुमांनंतर गालांवर राहिलेल्या डागांसाठी आणि नाकाभोवतीच्या तेलकटपणासाठी मी तीन आठवड्यांपासून १० टक्के नायसिनामाइडचे (व्हिटॅमिन बी३चे एक रूप) सीरम सकाळी व रात्री लावत आहे. तेलकटपणा थोडा कमी झाला आहे. मात्र सीरम लावल्यावर काही मिनिटांतच गाल लाल होऊन चुरचुरतात आणि आता हनुवटीवर बारीक पुरळही आले आहे. हे 'पर्जिंग' (नवा घटक सुरू केल्यावर तात्पुरते उठणारे पुरळ) असून आपोआप ओसरेल, असे काही जण म्हणतात, तर काही जण सकाळच्या व्हिटॅमिन सीला दोष देतात. रात्री मी व्हिटॅमिन सी लावत नाही, तरीही लाली येतेच, त्यामुळे नेमके काय करावे हे कळत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद: पर्जिंग हे रेटिनॉइडसारख्या, पेशी झडण्याचा वेग वाढवणाऱ्या घटकांमुळे होते. नायसिनामाइड तसे काम करत नाही, म्हणून पुरळ ओसरण्याची वाट पाहत सीरम लावत राहू नका. व्हिटॅमिन सीबरोबर नायसिनामाइड चालत नाही, हा समजही जुना आणि चुकीचा आहे. लाली आणण्यासाठी खरा प्रसिद्ध आहे तो नायसिनामाइडचा भाऊबंद, निकोटिनिक आम्ल (व्हिटॅमिन बी३चेच दुसरे रूप), आणि त्याचा अंश काही उत्पादनांत अशुद्धी म्हणून राहिलेला असू शकतो. शिवाय डागांवरचे अभ्यास प्रामुख्याने ४ ते ५ टक्क्यांवर झालेले आहेत. १० टक्क्यांनी गुण दुप्पट येत नाही, चुरचुर मात्र वाढू शकते. हा घटक रंगद्रव्य तयार होणे थांबवत नाही, तर ते वरच्या पेशींपर्यंत पोहोचणे मंदावतो, त्यामुळे फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि सनस्क्रीन नसेल तर तोही टिकत नाही. तुमच्या इतर क्रीमच्या वेष्टनांवर 'निकोटिनामाइड' हे नाव आहे का, तेही पाहा. दोन्ही नावे एकाच घटकाची आहेत.

धागाकर्ती: मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, दोन्हींत ते निघाले! म्हणजे दिवसातून किती वेळा लावत होते, याचा मलाच पत्ता नव्हता.

प्रतिसाद: मग त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत हा घटक नसलेले, सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर आणि तसेच सनस्क्रीन वापरा. त्यानंतर ५ टक्क्यांचे सीरम आधी कानामागे तीन-चार दिवस लावून पाहा आणि काही त्रास न झाल्यास एक दिवसाआड रात्री, मॉइश्चरायझरवर लावा. सूज किंवा गांधी उठल्यास, अथवा सीरम बंद करूनही लाली न गेल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.