परवाना एका सिंहाचा

हौशी शिकारी शिकारीच्या परवान्यांसाठी जो पैसा मोजतात, तो नसेल तर आफ्रिकेतले सिंह वाचणार नाहीत, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. शिकारीसाठी राखलेली रानं बंद झाली की तिथे गुरं आणि शेती शिरते, हे खरं. पण २०१५ मध्ये झिंबाब्वेत, ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर शिकारीत मारलेला सेसिल नावाचा सिंह आठवा. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी त्याच्या गळ्यात माग ठेवणारी कॉलर बसवली होती. आधी बाण लागला, जीव गेला तो कित्येक तासांनी! याला संवर्धन म्हणायला माझी जीभ धजत नाही. शिवाय कळपातला नर गेला की नवे नर येऊन त्याचे बछडे मारतात. परवाना मात्र एकाचाच.

केनियात १९७७ पासून शिकारबंदी आहे, तरी गुरं मारली म्हणून तिथेही सिंहांना विष घातलं जातं. त्या गुराख्याला भरपाई वेळेत कशी मिळेल, यावर बोलूया.