लाइव्ह रॉकमधून आलेला आगंतुक कोणता, आणि त्याला ठेवावे की काढावे?

निळी टाकी
सप्रेम नमस्कार. माझी खाऱ्या पाण्याची टाकी १५० लिटरची आहे. तीन आठवड्यांपूर्वी तिच्यात लाइव्ह रॉकचे (बारीक जीवांची वस्ती असलेल्या समुद्री खडकाचे) दोन नवे तुकडे ठेवले आणि तेव्हापासून दिवे मालवल्यावर खडकाच्या मागून, काचेवर नखाने टिचकी मारावी तसा आवाज येतो. परवा रात्री टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून पाहिले, तेव्हा गोगलगाईच्या शंखात तोंड खुपसून बसलेला बोटभर लांबीचा, गुलाबी-तपकिरी किडा दिसला. त्याच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या केसांचे बारीक झुबके होते. आठवडाभरात चार गोगलगाई आणि एक हर्मिट खेकडा गेला आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असून पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२५ आहे, म्हणजे पाण्यात विषारी घटक नाहीत आणि खारटपणाही ठीक आहे. हाच किडा त्यांना मारत असेल, तर त्याला कसा काढावा?

शंखशिंपले
तुम्ही केलेल्या वर्णनावरून हा साधा ब्रिसल वर्म आहे, आणि माझ्या मते त्याच्यावरचा आळ चुकीचा आहे. तो मेलेले मांस, उरलेले खाद्य आणि वाळूत साचलेला गाळ खाऊन जगतो, त्यामुळे मेलेल्या गोगलगाईवर तो हमखास सापडतो आणि पाहणाऱ्याचा समज होतो की मारणाराही तोच. सुरुवातीला मी असे कित्येक वर्म काढून टाकले आणि त्यानंतर वाळू घाण राहू लागली, तेव्हा त्यांचे काम कळले. प्रवाळ खाणारा फायर वर्म निराळा असतो. त्याचे केस दाट असतात, झुबक्यांच्या बुडाशी लालसर कल्ले दिसतात आणि डोक्यावर मांसल उंचवटा असतो. कोणताही असला, तरी उघड्या हाताने धरू नका. त्याचे केस ठिसूळ असतात, ते त्वचेत मोडून राहतात आणि आग होते. तसे झालेच, तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ते उपटून काढा. वर्मांची संख्या फार वाढली असेल, तर खाद्य कमी करा. जेवढे अन्न उरते तेवढेच ते वाढतात.

खाडीकाठ
वर्मविषयीच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे, पण मला त्या आवाजाची अधिक काळजी वाटते. असा आवाज करणारे आगंतुक मुख्यत्वे दोन, पिस्टल श्रिंप आणि मॅन्टिस श्रिंप; दोन्ही कोळंबीसारखे दिसणारे कवचधारी जीव. पिस्टल श्रिंपचा एक पंजा दुसऱ्याहून कितीतरी मोठा असतो आणि तो मिटताना पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. तो बहुधा बिळाच्या आसपास राहतो आणि एरवी फारसा उपद्रव करत नाही. मॅन्टिस श्रिंपचे डोळे मात्र देठावर असतात, दोन्ही स्वतंत्रपणे फिरतात, आणि पुढचे पाय खंडोबाच्या किड्याप्रमाणे छातीशी दुमडलेले असतात; काही जाती त्यांनी ठोसे मारून शंख फोडतात. तुम्ही रिकामे शंख फेकले नसतील, तर ते हातात घेऊन नीट पाहा. शंख अखंड असेल, तर गोगलगाय दुसऱ्या कारणाने मेली असण्याची शक्यता जास्त. तोंडाची कड तुकड्या-तुकड्यांनी फुटलेली असेल किंवा पाठीला भोक पडलेले असेल, तर तो ठोसे मारणाऱ्या मॅन्टिसचा पुरावा समजा.

निळी टाकी
चारपैकी तीन शंख सापडले. तिन्हींची कड फुटलेली आहे आणि एकाच्या पाठीला मसुराएवढे भोक आहे. काल रात्री दोन तास बसून पाहिले. नव्या खडकातल्या गोल भोकातून हिरवट रंगाचे, देठावरचे दोन डोळे बाहेर आले आणि प्रकाश जवळ नेताच आत गेले. त्याला मारण्याची इच्छा नाही.

खाडीकाठ
आता ओळख पक्की झाली. तो नेमका त्याच तुकड्यात आहे याची खात्री असेल, तर अख्खा तुकडा उचलून रिकाम्या बादलीवर धरा आणि सुईविरहित सिरिंजने भोकात थोडे सोडा वॉटर सोडा; बहुधा तो काही क्षणांत बाहेर पडतो. लगेच त्याला टाकीतल्याच पाण्याच्या भांड्यात घ्या. दुसरा मार्ग म्हणजे १.०३५ ते १.०४० विशिष्ट गुरुत्वाच्या पाण्यात तुकडा काही मिनिटे बुडवणे. पण त्यात खडकातले इतर बारीक जीवही दगावतात, म्हणून मी तो शेवटी वापरतो. कोणत्याही परिस्थितीत भोकात बोट घालू नका. खडक हाती आहे तोवर त्यावर एप्टेशिया नाही ना, हेही पाहून घ्या. ते तपकिरी, पारदर्शक, लांब शुंडकांचे छोटे समुद्रफूल खरवडू नका, कारण मागे राहिलेल्या कणातून ते पुन्हा उगवते.

प्रवाळप्रेमी
तुम्ही त्याला ठेवणार असाल, तर मनापासून आनंद वाटेल, कारण इतका जागरूक प्राणी टाकीत क्वचित पाहायला मिळतो. पाच-सात सेंटिमीटरच्या जीवाला ३० लिटरची स्वतंत्र टाकी, छोटा फिल्टर आणि लपायला भोके असलेला खडक पुरतो. शेजारी दुसरा प्राणी ठेवू नये, तो खाल्लाच जाईल. आठवड्यातून दोन-तीनदा गोगलगाय, छोटा खेकडा किंवा कोळंबीचा तुकडा लांब चिमट्याने द्यावा. मोर मॅन्टिस या मोठ्या जातीच्या ठोशाचा वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत मोजला गेला आहे, पण लहान जातींकडून काच फुटण्याचा धोका फार कमी असतो. तो अचानक खाणे थांबवून भोकाचे तोंड वाळूखड्यांनी बुजवून घेईल, तेव्हा घाबरून खडक हलवू नका. तो कात टाकत असतो, नवे कवच कडक होईपर्यंत तो दुबळा असतो, आणि ते कडक झाले की स्वतःच दार उघडतो.

निळी टाकी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोडा वॉटरच्या दुसऱ्या सिरिंजला तो बाहेर आला. सहा सेंटिमीटरचा, गडद हिरवा. आता तो वेगळ्या टाकीत आहे आणि तिसऱ्या दिवशी त्याने चिमट्यातून कोळंबी घेतली. मोठ्या टाकीत रात्री शांतता आहे. ब्रिसल वर्म होता तिथेच ठेवला आहे.