मदत हवी आहे : कोटेशनमधला ‘ब्रास’ कुठला धरायचा?

नमस्कार मंडळी. गावी घर बांधायला काढलंय. ठेकेदाराने वाळूपासून गिलाव्यापर्यंत सगळे दर ‘प्रति ब्रास’ दिलेत. वाळू-खडीचा ब्रास 100 घनफूट आणि गिलावा-फरशीचा 100 चौरस फूट, इथवर ठीक.

अडलंय पायाच्या दगडी बांधकामावर. लांबी 100 फूट, रुंदी 2, उंची 3. घनफुटाने धरलं तर 6 ब्रास, नुसती दर्शनी बाजू मोजली तर 3. बिल थेट दुप्पट! तुमच्या भागात कसं मोजतात? करारात नेमकं काय लिहून घेऊ?

आणि ओलसर वाळू फुगते, मग ट्रॉली मोजताना किती वजावट धरता? घरात आयुष्यभराची पुंजी घालतोय, अनुभवी लोकांनी कृपया सांगा.