कार्यशाळेचे सामान: नागपूरच्या इतवारी बाजारातून घ्यावे की ऑनलाइन?

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीतील माझ्या फॅब्रिकेशनच्या कामासाठी कटिंग व्हील, ड्रिल बिट आणि वेल्डिंग रॉड नियमित लागतात. इतवारीपेक्षा ऑनलाइन दर कमी दिसतात, तरी मन धजावत नाही. आपला अनुभव काय आहे?

उत्तर १: रेझिनच्या कटिंग व्हीलची मुदत सहसा उत्पादनापासून ३ वर्षे असते आणि ती मधल्या धातूच्या कड्यावर छापलेली असते, दुकानात ती वाचून घेता येते, ऑनलाइन मात्र खोके उघडल्यावरच कळते. मला एकदा मुदत संपत आलेला माल मिळाला होता. पावसाळ्यात दमट निघालेले रॉड दुकानदार बदलून देतो, अर्थात ओळख असेल तर.

उत्तर २: व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मोजमापाची साधने मी ऑनलाइनच घेतो. दर ताडताना जीएसटी आणि वाहतूक खर्च धरला आहे का, हे पाहावे. आपली नोंदणी असल्यास पक्क्या बिलावरील कराची वजावट मिळते.