माळ्यावर सापडलेला धातूचा घोडा : मूळ कलाकृती की नक्कल?

गोदाकाठ
पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्याची आवराआवर करताना माळ्यावर वीतभर उंचीचा एक घोडा मिळाला. रंग काळपट तपकिरी आहे, पाठीवर घासला गेलेला भाग सोनेरी दिसतो आणि बैठकीच्या कडेला रोमन अक्षरांत ‘पी. जे. मेन’ असे नाव आहे. भांडी बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांनी मोडीचा भाव सांगितला, तर आईचे म्हणणे की आधी चिंच लावून उजळून घ्यावा. हा कलाकार कोण आणि वस्तू अस्सल आहे का, हे कसे ओळखावे?

ओतारी
चिंचेचा बेत आधी रद्द करा. तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. ओतकाम झाल्यावर रसायने आणि उष्णता देऊन तो मुद्दाम चढवलेला असतो आणि तो गेला की संग्राहकाच्या दृष्टीने निम्मी वस्तू गेली.

पियेर-ज्यूल मेन (१८१०–१८७९) हे पॅरिसचे शिल्पकार. घोडे आणि शिकारी कुत्रे हे त्यांचे आवडते विषय, आणि ओतशाळाही त्यांची स्वतःची होती. त्यांच्या पश्चात जावई ऑग्युस्त केन यांनी ती चालवली. मात्र नावावर भिस्त ठेवू नका, कारण नाव मूळ नमुन्यातच असते आणि तयार मूर्तीवरून साचा काढला तर तेही जसेच्या तसे उतरते. अशा नकलेत धातू थिजताना आकसतो, त्यामुळे मूर्ती मुळापेक्षा किंचित लहान भरते आणि आयाळीचे केस, नाकपुड्यांच्या कडा, पायांच्या शिरा बोथट होतात. भिंग घेऊन नेमके तेवढेच पाहा. स्वस्तातल्या प्रती जस्ताच्या असत, त्या खरवडल्यावर राखाडी दिसतात. तुमचा घोडा घासल्या जागी सोनेरी दिसतो, म्हणजे तो जस्ताचा नसावा, ही जमेची बाजू.

त्रिरश्मी
ओतारींच्या म्हणण्याला एक पुरवणी जोडतो. कलाकाराच्या मृत्यूनंतर ओतलेली प्रत म्हणजे नक्कल, असे सरसकट समजू नये. प्राणीशिल्पांच्या याच परंपरेतले आंत्वान-लुई बारी (१७९५–१८७५) वाघ-सिंहांच्या झुंजींसाठी गाजले, परंतु १८४८ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. पुढे त्यांच्या निधनानंतर बार्बेदियेन यांच्या ओतशाळेने त्यांचे अनेक नमुने विकत घेऊन रीतसर प्रती काढल्या, आणि त्यांनाही आज चांगला मान आहे.

गोदाकाठ
भिंगातून पाहिले. आयाळीचे केस सुटे दिसतात, पण डावी नाकपुडी बुजल्यासारखी आहे. बैठकीखाली खरवडू का?

ओतारी
खरवडू नका, पाठीवरच्या खुणेने ते काम केलेच आहे. लांबी, उंची मिलिमीटरपर्यंत मोजा आणि त्याच नमुन्याच्या संग्रहालयातील प्रतीच्या मापांशी ताडून पाहा. नाकपुडीत मेण किंवा जुने पॉलिश साचलेले असू शकते. कोरड्या मऊ ब्रशने अलगद झटकून मगच निष्कर्ष काढा. आणि शंभर वर्षांहून जुने शिल्प ठरले, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ते पुरावस्तू होते आणि खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही, हे गिऱ्हाईक शोधण्याआधी ध्यानात ठेवा.