"सगळं उतरवा, स्टॉक करा, विका": इतकं सोपं असतं तर काय हवं होतं

टॉर्कपाना
काल धुरकांडी यांनी लिहिलं: "मॉड केलेल्या (बदल करून घेतलेल्या) गाडीचे पैसे वसूल करायचेत? सगळं उतरवा, मूळ भाग चढवून गाडी 'स्टॉक' करा, ईसीयूत (इंजिनाच्या संगणकात) मूळ मॅप (त्याच्या सेटिंगची फाइल) भरा, बॅटरीची वायर काढून कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसा, सुटे भाग वेगळे विका, गिऱ्हाईकाला काही सांगू नका. दोन वीकेंडचं काम." गप्प बसणार होतो. पण यातलं निम्मं बरोबर आणि निम्मं घातक आहे, आणि दोन्ही एकाच दमात सांगून टाकलंय.

बरोबर काय, तर सुटे भाग वेगळे विकणं. चाकं, सीट, मोठे ब्रेक, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन) यांना स्वतंत्र गिऱ्हाईक असतं. गाडीबरोबर दिले तर समोरचा त्यांचे शून्य धरतो आणि वर विचारतो, "मूळ चाकं कुठायत?" पण सुटा भाग मापावर विकला जातो. चाकांच्या जाहिरातीत पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास), ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं), रुंदी आणि मधल्या भोकाचा व्यास हे चार आकडे नसतील तर महिनाभर "माझ्या गाडीला बसेल का" याचीच उत्तरं देत बसाल. सुबारूची एसटीआय २००५ साली ५×१०० वरून ५×११४.३ वर गेली. नुसतं "सुबारूची चाकं" लिहिलंत तर निम्मे लोक उगाच खेटे घालणार. कॉइलओव्हरचे आटे ब्रशने साफ करून, तेल देऊन, दोन्ही कॉलर फिरतात हे दिसेल असा व्हिडिओ टाका. कॉलर जॅम असेल तर समोरचा भंगाराचाच भाव देणार, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

घातक काय? "दोन वीकेंड". घाईत सस्पेन्शन परत बसवणारे जॅकवर गाडी लोंबकळत असतानाच लोअर आर्मचे बोल्ट करकचून आवळतात. बुशचं (सांध्यातलं) रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी चाकांवर उतरली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच फाटतं. बोल्ट आधी नुसते हाताने लावा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग टॉर्क द्या, मग अलाइनमेंट. नाहीतर नवा मालक पहिल्याच खड्ड्यात "कट्ट" आवाज ऐकून फोन करतो.

आणि रोल केलेले (आतली कड दुमडलेले) फेंडर, कापलेल्या स्प्रिंगा, वेल्ड केलेला केज (आतला पोलादी सांगाडा)? ते "उतरवणार" कसं?

धुरकांडी
वाटच बघत होतो, कोण येतंय त्याची.

मॉड केलेल्या गाडीला गिऱ्हाईक नसतं असं मी म्हटलेलं नाही. असतं, पण ते सापडेपर्यंत गाडी उभी राहून टायर चपटे होतात. स्टॉक गाडी शेजारचाही घेतो, मॉड केलेली फक्त तुमच्यासारखाच वेडा घेतो, आणि वेड्याच्या डोक्यात स्वतःची वेगळी यादी असते. तुमचं २० हजार किलोमीटर चाललेलं डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्टचा पाइप) त्याला नकोच असतं.

काम कसं होतं तेही सांगतो. आधी मूळ भाग मोजा. कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), एअरबॉक्स, एअरफ्लो सेन्सर, स्प्रिंगबरोबर त्यांचे टॉप माउंट आणि बंप स्टॉप. एक जरी नसेल तर आधी तो मिळवा, मग पाना उचला. डाउनपाइपच्या नटांना आदल्या रात्री पेनिट्रेटिंग तेल, सकाळी पुन्हा, आणि तरीही हलला नाही तर उष्णता. जोर लावून स्टड मोडलात तर दिवस गेला. गॅस्केट नवंच. ऑक्सिजन सेन्सरचे आटे एम१८×१.५, अँटीसीझ (आटे जॅम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको. टर्बो परत बदलत असाल तर तेलाच्या लाइनच्या बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घाला, जुनेच लावले की गळतात. हे सगळं दोन वीकेंडमध्ये होतं, हात असेल तर.

राहिला मॅप. मूळ फाइल भरली, विषय संपला. बघतंय कोण?

काजळी
"बघतंय कोण" 😀

कुठलाही स्वस्तातला ओबीडी स्कॅनर (ईसीयूतल्या नोंदी वाचणारा) बघतो. कोड पुसले की रेडिनेस मॉनिटर (गाडी स्वतःच्या ज्या चाचण्या घेते त्यांच्या नोंदी) कोरे होतात. गिऱ्हाईकाने स्कॅनर लावला आणि कॅटॅलिस्ट, ईव्हॅप (पेट्रोलची वाफ धरणारी यंत्रणा) "अपूर्ण" दिसले की त्याला कळतं, हल्लीच काहीतरी पुसलंय. त्याशिवाय कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले आणि इंजिन किती वेळा थंडाचं गरम झालं, हेही ईसीयू मोजत असतो. ओडोमीटरवर ८० हजार, कोड पुसून झाले १२ किलोमीटर. आता करा खुलासा.

धुरकांडी
मग चालवा ना गाडी. रात्रभर थंड झालेलं इंजिन सुरू करा, थोडं आयडल, मग गावातलं थांबत-चालत, मग हायवेला एकसारख्या वेगाने वीसेक मिनिटं, मग ब्रेक न लावता वेग उतरू द्या. टाकी काठोकाठ भरलेली नको आणि रिकामीही नको, ईव्हॅपची चाचणी साधारण १५ ते ८५ टक्क्यांच्या मध्येच चालते. तीन-चार दिवसांत सगळं "पूर्ण". किलोमीटरही वाढतात. झालं समाधान?

काजळी
रेडिनेसपुरतं झालं. बऱ्याच ईसीयूंमध्ये फ्लॅश (फाइल भरणं) किती वेळा झाला याचा आकडा वेगळा राहतो, मूळ फाइल भरणं हाही त्यात एक फ्लॅशच. कंपनीच्या टूलला तो दिसतो. कॅलिब्रेशनचा पडताळणी क्रमांक, म्हणजे सीव्हीएन, मूळ फाइलने जुळेल हे मान्य. पण ती फाइल खरंच तुमच्या ईसीयूतून काढलेली हवी. नेटवरून उतरवलेली "तसलीच" फाइल भरली की सॉफ्टवेअरची आवृत्ती कागदांशी जुळत नाही, क्वचित गाडी सुरूच होत नाही.

शिवाय बदललेल्या मॅपमध्ये कॅटमागच्या ऑक्सिजन सेन्सरची तपासणी बंद करून ठेवलेली असते, ती आता पुन्हा चालू होणार. कपाटात पडलेला कॅट आतून तुटलेला असला की पी०४२० (कॅट नीट काम करत नसल्याचा कोड) हजर, तेही गाडी विकल्यावर.

धुरकांडी
कॅट हलवून बघायचा, आत खडखड वाजलं तर लावायचा नाही. एवढं लहान पोरालाही कळतं. तुम्ही स्कॅनर विकता काय हो?

काजळी
नाही. तुम्ही मात्र खोटेपणा विकताय, आणि सोबत वापरायची पद्धतही फुकट देताय.

ठिणगी
अहो, तुमचा मॅप लपतो की दिसतो यावर वीस प्रतिसाद होतील, आणि मूळ प्रश्न इंजिनाचा आहे. मॅप मूळ केल्याने पिस्टन मूळ होत नाही. सुबारूच्या ईजे२५ टर्बो इंजिनाच्या रिंगलँड (पिस्टनवरच्या रिंगांमधल्या कडा) तुटतात हे सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच त्या गाडीचं गिऱ्हाईक आधी घाबरतं आणि मग भाव पाडतं. ती भीती काढलीत तर किंमत टिकते. कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण भरलेली, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं, प्रत्येक सिलिंडरला सारखेच फेरे. थ्रॉटल बंद ठेवून घेतलेले आकडे सगळेच कमी येतात आणि लोक उगाच रडतात. एखादा सिलिंडर बाकीच्यांहून १५ टक्क्यांच्या वर खाली असेल तर त्यात चमचाभर तेल घालून पुन्हा घ्या. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. तारीख आणि ओडोमीटरसकट तो कागद दाखवा.

आणि स्टीअरिंग! बाजारातलं छोटं स्टीअरिंग लावून, एअरबॅगच्या जागी रेझिस्टर टाकून दिवा विझवलेल्या गाड्या "स्टॉक इंटीरियर" म्हणून विकणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे लिहिता येत नाही. मूळ एअरबॅग परत बसवताना बॅटरी काढून काही मिनिटं थांबा, बॅग ठेवताना कव्हरची बाजू वर. आणि ती बॅग विकून टाकली असेल तर तसं सांगा. हा पैशांचा प्रश्न नाही.

फीलरगेज
स्टीअरिंगबद्दल +१. कॉम्प्रेशनबद्दल एक खोट. ईजे२५ आडवं (बॉक्सर) इंजिन आहे, सिलिंडर झोपलेले. चमचाभर तेल घातलंत की ते सिलिंडरच्या खालच्या बाजूला साचतं, रिंगभर पसरत नाही. त्या इंजिनावर तेलाची चाचणी फसवी. लीकडाउन (हवेच्या गळतीची चाचणी) करा. पिस्टन टीडीसीला (हेडकडच्या टोकाला), हवा भरा आणि कान लावा. ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. गळती १० टक्क्यांच्या आत असेल तर छाती फुगवून दाखवा. २० च्या वर गेली तर गाडी विकण्याआधी किंमत बदला.

अवांतर: डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवून किंमत मागणाऱ्यांनो, त्यावर करेक्शन (हवामानानुसार आकडा सुधारायचं मानक) कुठलं आहे ते बघता का? एसएई की डीआयएन, चाकांवरची ताकद की इंजिनची "अंदाजे" काढलेली, गिअर कुठला, स्मूदिंग किती? याशिवाय तो कागद म्हणजे रंगीत डोंगराचं चित्र.

ठिणगी
आडव्या इंजिनाचं बरोबर आहे. मागे घेते. तेवढंच.

चौथा गिअर
सगळे "उतरवा" या गृहीतकावरच भांडताय. केजवाली ट्रॅकची गाडी स्टॉक करताच येत नाही आणि करूही नये. ती जशी आहे तशी, त्याच वेड्यांना विकायची. तिथे किंमत कागदांना मिळते: प्रत्येक भागाचा क्रमांक आणि बिल, कुठल्या दिवशी बसवला, मॅपची फाइल कुणाकडे, बूस्टला (टर्बोचा दाब असताना) एअर-फ्यूएलचा, म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचा, लॉग कसा. पूर्ण लोडवर ११.५ ते १२ च्या आसपास स्थिर दिसणारा लॉग पाहिला की टर्बो पेट्रोलचा जाणकार निम्मी घासाघीस सोडून देतो. वायरिंगचे फोटोही हवेत. निळ्या स्कॉचलॉकने (वायर न सोलता चिमटणाऱ्या क्लिपने) मारलेले टॅप दिसले की माणूस गाडीपासून दोन पावलं मागे सरकतो.

आणि "मॉड केली म्हणजे किंमत पडलीच" असं नसतं. रूफ या जर्मन कंपनीने पोर्शेंवर काय कमी काम केलंय? १९८१ पासून जर्मनीत त्यांना उत्पादक म्हणून मान्यता आहे.

धुरकांडी
रूफ! शेजारच्या गल्लीत केलेला एक्झॉस्ट आणि रूफ एकाच वाक्यात. बास, मी हरलो.

टॉर्कपाना
रूफचं उदाहरण ताणलेलंच आहे, पण मुद्दा कागदांचाच आहे. काम कुणी केलं ते दाखवता येत नसेल तर ते काम गिऱ्हाईकासाठी झालेलंच नाही. उलट बाजूही बघा. ए८० सुप्रा, आर३४ जीटीआर, इंटेग्रा टाइप आर, यांच्यात हात न लागलेली गाडीच महाग, कारण बाकीच्या सगळ्या कुणी ना कुणी कापून ठेवल्यात. अशा गाडीचे मूळ भाग विकू नका. बंपरपासून रेडिओपर्यंत. बॉक्समध्ये घालून, नावं लिहून गाडीबरोबर द्या. तो बॉक्स कॉइलओव्हरपेक्षा जास्त पैसे आणतो.

धुरकांडी, सुटे भाग आणि क्रम यावर तुमचं पटलं. "सांगू नका" यावर नाही. टायरची आतली कड खाल्लेली असते, ती तुम्ही काही बोलला नाहीत तरी सांगते की गाडी खाली बसवलेली होती.

धुरकांडी
टायर बदलतो. 🙏

बरं, सांगतो गिऱ्हाईकाला: "अमुक उतरवलं, अमुक तारखेला, ही लीकडाउन." त्यात माझं काय जातंय? पण पाना हातात न धरता नीती शिकवणाऱ्यांना एक विनंती, फेंडर रोल करताना हीट गन लावत जा. थंड रंगावर रोलर फिरवून तडा पाडता, त्यात पाणी जातं, मग "मूळ बॉडी" म्हणून जाहिरात टाकता.

काजळी
हे खरं आहे. दुर्दैवाने.

फीलरगेज
रोल केलेली कड आतून बोट फिरवून लगेच कळते, फोटोची गरजच नाही. रॅप (रंगावर चिकटवलेली फिल्म) काढतानाही तेच: हलकी उष्णता, टोक परत स्वतःवर दुमडून अगदी कमी कोनात, सावकाश. पूर्वी पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर घाई केली की क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) रॅपबरोबर निघून येतो, आणि मग तो अपघात कधी झाला होता हेही सांगावं लागतं.

ठिणगी
सांगायलाच हवं.

धुरकांडी
सांगतो हो. सगळं सांगतो. फक्त ईव्हॅपसाठी टाकी अर्धी ठेवा, ते कुणी वाचलंच नाही वाटतं.